तीन शहरांचं पथ्य

“मग भात काहून वाढला? डॉक्टरनं नाही म्हटलं होतं ना?” रुपाने ताटाकडे हात करून विचारलं.

“मूठभर आहे ताई. न्हाणीत पडल्यापासून आईच्या पोटात काही नाही.”

“मूठभर, मूठभर म्हणता साखर कुठं जाऊन बसते, मालूम आहे का तुले? नागपूरले माझ्याकडे होती तं तीन महिने तिले शीत दाखवलं नाही मी.”

“म्हणून तं पडली,” उर्वशी म्हणाली.

हे बोलणं जरा जास्तच झालं, हे तिचं तिलाही कळलं. पण तोंडातून गेलं होतं. भंडाऱ्याच्या त्या घरात रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते. नणंद रुपा सकाळच्या बसने नागपूरहून आली होती. थोरला चंद्रकुमार पुण्याहून फोनवर होता. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला होता, त्यामुळे त्याचा चेहरा थेट वरणाच्या गंजावर आल्यासारखा दिसत होता. धाकटा प्रविण, उर्वशीचा नवरा, ज्याचं हे घर, तो मान खाली घालून जेवत होता. पितळी भांड्यांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणारा हा माणूस घरच्या भांडणात मुका होऊन जाई.

“हे बघा,” बरणीजवळून चंद्रकुमार म्हणाला, “आरडाओरड करून उपयोग नाही. आईचं वजन उतरत चाललंय, ती पडली, उद्या मांडीचं हाड मोडलं म्हणजे? मी पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. आता तिला कायमचं इकडेच आणायचं. आमच्याजवळ वृद्धांसाठी एक केंद्र आहे. सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. तिथे आहारतज्ज्ञ आहे. सगळं मोजून खायला देतात.”

“कायमचं?” उर्वशीने विचारलं.

“कायमचं.”

ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं त्या कौशल्याबाई भिंतीला टेकून ताटासमोर बसल्या होत्या. कपाळाला पडल्याची निळी खूण. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ताटात मूठभर भात, त्यावर वरण, आणि त्यांनी कशालाच हात लावला नव्हता.

“भांडू नोका बापा,” त्या म्हणाल्या. “मले तसी बी भूक नाही. अन् चंदू, तू म्हनशीन तसं. येतो मी पुन्याले.”

असं म्हणून त्यांनी ताट हळूच पुढे सरकवलं आणि उर्वशीकडे पाहिलं. त्या नजरेत पुण्याला जायची इच्छा होती, असं उर्वशीला अजिबात वाटलं नाही.

कौशल्याबाईंचं माहेर आंबागड, सासर सिहोरा. लग्न होऊन आल्या तेव्हा सिहोऱ्याच्या घरात दोन चुली होत्या आणि एका वेळेला वीसेक माणसं जेवत. धानाची शेती, घरचा तांदूळ, त्यामुळे भाताला कमी नव्हती. पण बायका मागून जेवत, आणि मागून जेवणाऱ्याच्या वाट्याला भात राही, कालवण राहत नसे. त्याची त्यांनी कधी तक्रार केली नाही. उलट कोणी विचारलं तर सांगत, “माह्या सासूनं मले कधी उपासी झोपू देलं नाही.” सासू कडक होती, पण रोवणीच्या दिवसांत चिखलातून आलेल्या या सुनेसाठी वाटीभर वरण फडताळात मागे लपवून ठेवी. कौशल्याबाई ती वाटी पन्नास वर्षं विसरल्या नव्हत्या. कुणी काही दिलं की विसरायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. फेड केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

आणि फेड करायची त्यांची रीत एकच होती. त्या काहीतरी सोडत.

आमच्या भागातल्या जुन्या बायकांना हे सांगावं लागत नाही. तीर्थाला गेलं की एखादं फळ, एखादी भाजी सोडून यायची. नवस फेडताना सोडायचं. तळहातावर पाणी घ्यायचं, ज्याच्यासाठी सोडायचं त्याचं नाव घ्यायचं, आणि ते पाणी तुळशीत वाहू द्यायचं. मग ती वस्तू जन्मभर तोंडात घालायची नाही. प्रविणला लहानपणी तापातून उठायला वेळ लागला तेव्हा कौशल्याबाईंनी दही सोडलं. चंद्रकुमारला पुण्यात नोकरी लागली तेव्हा वांगं सोडलं. घनश्यामराव, म्हणजे त्यांचे मालक, वारले तेव्हा मासोळी सोडली, कारण तळ्यावरची ताजी मासोळी हा त्या माणसाचा जीव होता. असं करता करता त्यांच्या ताटातून बरंच काही निघून गेलं होतं, पण भात, वरण, मीठ, चटणी होती. त्यावर माणूस नीट जगतं.

मालक गेल्यावर सिहोऱ्याची शेती बटईने दिली आणि मुलांनी आईच्या पाळ्या ठरवल्या. उन्हाळा पुण्याला, पावसाळा नागपूरला रुपाकडे, हिवाळा भंडाऱ्याला प्रविणकडे. यात कुणी अंग चोरलं नाही. तिघांनाही आई हवी होती, हे खरंच.

पुण्याला चंद्रकुमारने तिथल्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी सांगितलं, साखर आहे, भात कमी करा. कौशल्याबाईंना तिथे रात्रीचं जेवण साडेनऊला मिळे, कारण सून तेव्हा कामावरून येई. साडेसातलाच पेंगणाऱ्या कौशल्याबाई “मी नंतर जेवतो” म्हणत आणि झोपून जात. पोळी त्यांना आयुष्यात कधी नीट चावली नाही, उतरली नाही. पण सून बिचारी दमून येऊन गरम पोळी करते, तिला नको कसं म्हणायचं? म्हणून कुणी उठवलंच तर त्या अर्धी खात आणि बाकीची वाटीखाली दडवत.

नागपूरला रुपाने दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी सांगितलं, रक्तदाब चढतो, मीठ कमी करा. भात तर पुण्याच्या डॉक्टरने सांगितलाच होता, तोही रुपाने कमी केला. भंडाऱ्याला आल्यावर गुडघे सुजले, प्रविणने तिसऱ्याच डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, डाळी जरा कमी करा. मग मुलांनी आपसात फोन करून सगळं एकत्र केलं, आणि तीन शहरांचं पथ्य एका ताटात येऊन बसलं. कुणी एकानेही असं विचारलं नाही की, मग आता उरलं काय?

सोमवारी सकाळी उर्वशीने प्रविणला म्हटलं, “दुकान उशिरा उघडा. आईले दवाखान्यात नेऊ.”

“दादा रविवारी येऊनच राहिला ना.”

“रविवार दूर आहे.”

प्रविणने तिच्याकडे पाहिलं आणि दुकानाची किल्ली परत खुंटीला लावली. तो बोलत नसे, पण बायकोचा आवाज त्याला ओळखता येई.

या वेळी ते गांधी चौकापलीकडच्या एका बाईकडे गेले. तरुण डॉक्टरीण होती, फार बोलली नाही. तिने कौशल्याबाईंचा दंड दोन बोटांत धरून पाहिला, हाताची मूठ आवळायला सांगितली, खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. कौशल्याबाई उठू शकल्या नाहीत. दुपारी रक्ताचा कागद आला. डॉक्टरीण तो वाचून म्हणाली, “रक्तातलं मीठ फार उतरलंय, त्यामुळे चक्कर येऊन पडल्या. साखर आहे, पण थोडी. आजी, तुम्ही दिवसभरात काय काय खाता?”

“समदं खातो बाई,” कौशल्याबाई म्हणाल्या.

“काल रात्री काय खाल्लं?”

“दुधी.”

“दुधी आणि काय?”

“दुधीच.”

डॉक्टरिणीने पेन खाली ठेवलं आणि उर्वशीकडे वळली. “यांना मोठा आजार नाही. या उपाशी आहेत. रक्तदाबाच्या एका गोळीने मीठ आणखी उतरतं, ती बंद करा. दोन्ही वेळा छोटी वाटी भात, त्यावर घट्ट वरण, मीठ घालून. दूध, जमलं तर अंडं. आणि लवकर जेवू द्या. पंधरा दिवसांनी मला दाखवा.”

भरल्या घरातली आपली सासू उपाशी आहे, हे परक्या बाईच्या तोंडून ऐकल्याने उर्वशीला रिक्षात बसल्यावरही वर बघवेना. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिला कावीळ झाली होती. अन्नाचा वास सहन होत नव्हता. तेव्हा याच सासूने दोन महिने तांदळाची पेज करून चमच्याने पाजली होती. एका चमच्यामागे सिहोऱ्याच्या शेजारणींच्या नकला करून दाखवत, म्हणजे हसताना तोंड उघडे. माहेरच्यांनी उर्वशीची आशा सोडली होती. सासूने सोडली नव्हती. आज ती जी दोन पायांवर उभी आहे, ती त्या पेजेवर.

त्याच संध्याकाळी तिने सहा वाजताच कुकर लावला. मऊ भात, तुरीचं घट्ट वरण, मीठ, हळद, वरून तुपाचे चार थेंब. ताट समोर ठेवून ती बाजूला बसली.

“जेवा आई.”

“तू जेव. मले नोको.”

“डॉक्टरबाईनं सांगितलं, तुमच्यासमोर सांगितलं.”

“तिचं बरोबर हाय. पन मी सोडलं ना बाई.”

“काय सोडलं?”

“भात. मीठ. डाळ.”

उर्वशीला क्षणभर कळलंच नाही. “आई, डॉक्टरांनी कमी करा म्हटलं होतं. सोडा म्हणून कोणी नाही म्हटलं.”

“कमी करनं म्हंजे काय असते? कमी मोजाचं कोनं? एक घास खाल्ला का मन दुसरा मांगते. त्यापेक्षा सोडलेलं बरं. मनाची कटकट नाही.” त्या शांतपणे बोलत होत्या, एखादी साधी घरगुती युक्ती सांगावी तसं.

“म्हणजे पाणी सोडलं? तुळशीत?”

“मंग?”

उर्वशीला आता आठवलं. दिवाळी झाल्यावर गुडघ्याच्या डॉक्टरकडून आल्यावर आई तुळशीजवळ तळहात धरून उभ्या होत्या. तिला वाटलं होतं, संध्याकाळचा नमस्कार चालला आहे.

“कोणाच्या नावानं सोडलं?”

कौशल्याबाईंनी पदर डोक्यावर नीट केला. “भात चंदूच्या नावानं. त्यानं माह्यासाठी कामाची सुटी काढली, दिवसभर त्या दवाखान्यात उभा राहिला. बसाले जागा होती तं मले बसवलं. मीठ रुपाच्या नावानं. पोरगी रातच्याले उठून माहे पाय चेपे. प्रविणनं मले पाठीवर घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढल्या, डाळ त्याच्या नावानं. आता मले सांग, त्याइले देयाले माह्यापासी दुसरं काय हाय? शेती देऊन झाली. दागिने देऊन झाले.”

“माझ्या नावानं काय सोडलं?” उर्वशीने विचारलं.

“तुह्या नावानं कायले सोडू? तू तं घरची हायेस.”

हे ऐकून उर्वशी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याजवळ उभी राहिली. तिला एकाच वेळी राग आला होता आणि रडू येत होतं. रागावून काही सांगून उपयोग नव्हता. साखर, रक्तदाब, डॉक्टर, सगळ्याच्या वर ते तळहातावरचं पाणी होतं. या बाईने सत्तर वर्षांत सोडलेली एक वस्तू परत धरली नव्हती. प्रविणने समजावून पाहिलं, नावांची गोष्ट ठाऊक नसलेल्या रुपाने रात्री फोनवर समजावून पाहिलं. कौशल्याबाई सगळ्यांना “हो हो” म्हणत आणि दुधी खात.

मंगळवारी दुपारी उर्वशीने आंबागडला मामांना, म्हणजे कौशल्याबाईंच्या थोरल्या भावाला, फोन लावला. सोडलेलं परत धरायचं तर एकच वाट असते, हे तिने स्वतःच्या आजीकडे पाहिलं होतं. माहेरच्या माणसाने येऊन पहिला घास आपल्या हाताने भरवायचा.

गोमाजी मामा बुधवारी अकराच्या एसटीने आले. कौशल्याबाईंपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे, पण धोतर खोचून बस स्टँडपासून पायी आले होते. एका खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी, दुसऱ्या हातात वालाच्या शेंगा आणि पळसाच्या पानांत बांधलेल्या मासोळ्या. आल्या आल्या त्यांनी ओसरीत बसलेल्या बहिणीला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“काय वं कौसा. काकतारवा झाली का? मी म्हटलं, वावरात उभं कराले कोनी बुजगावनं केलं का काय.”

“बस, बस. आल्याबरोबर बोल लावू नोको. चुरनी झाली का?”

“झाली. धान घरात आलं. घरात धान अन् तू अठी उपासी, हे ऐकलं अन् माह्या घशाखाली चहा उतरला नाही. सूनबाई, चहा मांड, आता उतरन.”

“उपासी कोन म्हनते?” कौशल्याबाईंनी उर्वशीकडे रोखून पाहिलं. “तूच फोन केला नं?”

“केला,” उर्वशी म्हणाली.

“मले बी साखर हाय,” गोमाजी बशीत चहा ओतत म्हणाले. “डॉक्टरनं मले बी म्हटलं, भात कमी कर. मी दोन ताटं खात होतो, आता एक खातो. अर्धं डॉक्टरचं, अर्धं माहं. तू कायले समदंच डॉक्टरले देऊन बसली?”

“डॉक्टरले नाही देलं भाऊ. लेकराइले देलं.”

“लेकराइनं मांगतलं होतं?”

“नाही.”

“मंग न मांगतलेलं दान घेतलं कोनं? कोनीच नाही घेतलं. पडलं हाय तसंच तुळशीपासी. जाऊन उचलून घे.”

कौशल्याबाई हसल्या. पडल्यापासून पहिल्यांदाच. पण मान हलवून म्हणाल्या, “असं नसते भाऊ.”

“असं कसं नसते? मी कायले आलो मंग, एसटीत बसून? सूनबाई, तो नवा तांदूळ धू.”

उर्वशीने नवा तांदूळ लावला. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, पण त्याला एक गोड वास असतो, आणि तो वास ओसरीपर्यंत आला तेव्हा कौशल्याबाई बोलता बोलता थांबल्या. गोमाजींनी ते पाहिलं. ताट आल्यावर त्यांनी हात धुतले, बहिणीसमोर मांडी घालून बसले, भात आणि वरण कालवलं, त्यावर मीठ भुरभुरलं. मग डाव्या तळहातावर थोडं पाणी घेतलं.

“चंदूच्या नावानं, रुपाच्या नावानं, प्रविणच्या नावानं जे सोडलं ते त्याइचा मामा परत देते,” असं म्हणून त्यांनी ते पाणी ताटाभोवती फिरवलं. “घे. तोंड उघड.”

“लहान हायो का मी?”

“माह्यापेक्षा लहानच हायेस. उघड.”

कौशल्याबाईंनी पदराने डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि तोंड उघडलं. पहिला घास त्यांनी बराच वेळ तोंडात धरून ठेवला. मग गिळला. मग दुसरा. तिसरा घास त्यांनी स्वतःच्या हाताने घेतला. दारात उभ्या उर्वशीला तिथून हलवेना. मूठभर भात खाणारं माणूस बघण्यासारखं असतं, हे तिला याआधी ठाऊक नव्हतं.

“मीठ,” कौशल्याबाई म्हणाल्या, “मीठ मी इसरूनच गेली होती, कसं लागते ते.”

ताट संपत आलं तशी गोमाजींनी पळसाच्या पानाकडे बोट केलं. “आता मासोळी बी धरून टाक. डॉक्टरीण बाई खुश होईन.”

“नाही. ते राहू दे.”

“काहून?”

“ते त्याइच्या नावानं हाय. मालकाच्या. त्यानं मी उपासी नाही राहत.”

गोमाजींनी पळसाचं पान परत बांधून ठेवलं. मासोळ्या संध्याकाळी प्रविणने खाल्ल्या. मामा दुपारच्या एसटीने परत गेले, जाताना बहिणीने त्यांच्या पाया पडायचा प्रयत्न केला, तर त्यांनी तिला खांद्याला धरून उभं केलं आणि म्हणाले, “आधी खाली वाकून वर उठता येईन एवढी हो, मंग पाया पड.”

एका घासाने माणूस धडधाकट होत नाही. पहिल्या रात्री कौशल्याबाईंचं पोट दुखलं. गुरुवारी त्यांनी अर्धीच वाटी खाल्ली. पण शुक्रवारी दुपारी त्यांनी स्वतः हाक मारून विचारलं, “उर्वशी, वरन झालं का?” आणि हा प्रश्न उर्वशीने स्वयंपाकघरात उभं राहून दोनदा मनात म्हणून पाहिला. शनिवारी त्या भिंत न धरता ओसरीपर्यंत गेल्या, उन्हात बसल्या आणि वालाच्या शेंगा सोलून दिल्या. सोलता सोलता उर्वशीला म्हणाल्या, “तू भावाले फोन केला ते बरं केलं. मले राग आला होता. तरी बरं केलं.”

सिहोऱ्याच्या बाईच्या तोंडून आभार याहून जास्त येत नाहीत. उर्वशीला ते पुरले.

रविवारी दुपारी चंद्रकुमार आला. शनिवारी पुण्याहून निघाला होता, एकट्याने गाडी चालवत. डोळे लाल झाले होते. रुपाही नागपूरहून आली. गाडीच्या मागच्या सीटवर त्याने आईला आडवं होता यावं म्हणून गादी अंथरली होती, उशी ठेवली होती, पाण्याचा थर्मास ठेवला होता. ते सगळं कौशल्याबाईंनी ओसरीतून पाहिलं.

आई चालत दारापर्यंत आलेली पाहून तो थबकला. “अरे, तू उभी आहेस?”

“उभी तं हाये. तू बस. किती थकला. उर्वशी, चंदूले ताट कर.”

जेवताना उर्वशीने त्याला सगळं सांगितलं. डॉक्टरीण, तुळशीतलं पाणी, मामा. रुपाने मध्येच “मीठ माझ्या नावानं?” असं विचारलं. चंद्रकुमारचा हात ताटात तसाच राहिला.

“मी फक्त कमी कर म्हटलं होतं, आई.”

“हो बापू. तू बरोबरच म्हटलं. जास्त मीनं केलं.”

“मला सांगायचं होतंस.”

“काय सांगू? तू इतकं करत होता.”

रुपाने आईच्या वाटीत वरण वाढलं. मग चंद्रकुमार पाणी प्यायला. तो वाईट मुलगा नव्हता, पण त्याला ठरलेलं काम ठरल्याप्रमाणे झालेलं आवडे. “तरीपण आई, हे चार दिवसांचं आहे. तिकडे रोज कुणीतरी लक्ष ठेवेल. केंद्रात मी नाव घालून ठेवलंय. गाडी तयार आहे. आणि तुला तिथला भात नको असेल तर मी सांगेन त्यांना.”

“किंवा आधी माझ्याकडे आण,” रुपा म्हणाली. “नागपूर जवळ आहे. काही झालं तं उर्वशीलेही येता येईल. मी आता मीठ घालीन.”

“पाळी कुणाची आहे मग?” चंद्रकुमारने विचारलं.

“पाळीचं काय घेऊन बसलास दादा,” प्रविण म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, कारण जेवताना तो बोलला होता. “आईले विचार ना.”

पण चंद्रकुमारने विचारलं नाही. त्याची सवयच नव्हती. तो रुपाला म्हणाला की दोन महिने पुणे, मग बघू. रुपा म्हणाली की दोन महिन्यांत परत काही झालं तर. आणि दोघांचे आवाज पुन्हा चढू लागले, दोघांचेही प्रेमाने.

कौशल्याबाईंनी आपलं जेवण आटोपलं. वाटीतलं शेवटचं वरण बोटाने पुसून घेतलं. हात धुतले, पदराला पुसले. मग चंद्रकुमारच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, रुपाच्या पाठीवर ठेवला.

“तुमी दोघायनं माह्यासाठी जे केलं, ते माह्या ध्यानात हाय अन् मरेपर्यंत राहीन,” त्या म्हणाल्या. “चंदू, ती गादी गाडीतून काढून आन, ओसरीत टाकू, तू आज झोप. मी पुन्याले येत नाही, नागपूरले बी नाही. पाळी आजपासून बंद. मी अठीच राहीन, डॉक्टर एकच राहीन, ही अठची बाई, अन् माह्या ताटात काय वाढाचं ते यापुढे मले इचारून वाढाचं. ज्याले मले भेटाचं असन त्यानं अठी यावं, अन् साताच्या आत यावं, कारन सात वाजता मी जेवन.”